हवेत कोण बोलतंय

पहाटे पावणेपाचला बेल्मिरोचा फोन:
"बटण दाबलं तरी किंमत थांबत नाही.
काल सार्डिनचे तेवीस क्रेट मातीमोल गेले.
ये. आणि नवा डबा बसवू नकोस."

नवा डबा म्हणजे माझ्याआधीच्या माणसाने
छताला टांगलेले तीन पांढरे राउटर,
तिन्ही एकाच चॅनेलवर, एकमेकांच्या तोंडावर ओरडत.
गर्दी हटवायला त्याने आणखी माणसं बोलावली होती.

पेनिशच्या लिलावगृहात किंमत वरून खाली येते,
लाल आकड्यांत, झरझर.
ज्याचा अंगठा आधी, त्याचा मासा.
इथे पाव सेकंद उशीर झाला तर
बोटीवरच्या कुणाचं तरी डिझेल बुडतं.

पेटी उघडली.
सगळ्यात वर फोन. फोनवर पाच रेघा, भरगच्च.
आवाज किती मोठा येतोय, एवढंच रेघा सांगतात.
बाजारात आवाज मोठाच असतो.
शब्द पोचला का, ते त्यांना ठाऊक नसतं.

आदेरितोने कँटीनकडे बोट दाखवलं.
"मायक्रोवेव्ह. माझा भाचा कोइंब्राला शिकतो, तोच म्हणाला."
मग वर्णपटाचं यंत्र काढलं,
उसनं, माझ्या गाडीहून थोडंसंच स्वस्त.
पडद्यावर निळा, हिरवा, तांबडा ओघळत राहिला.
या यंत्राला भाषा येत नाही, ऊब कळते,
हवा कुठे किती तापली आहे तेवढं.
मायक्रोवेव्ह असता तर एक मळकट डाग पसरला असता.
डाग नव्हता. कँटीनला तर अजून कुलूप होतं.
संन्याशाची फाशी टळली;
चोर अजून आत.

चॅनेल सहा. शंभरातले एक्क्याण्णव क्षण भरलेले.
कुणी भरले?

आई जाळी शिवायची.
तिच्या पत्र्याच्या डब्यात सात सुया होत्या.
सातवी ती वर्षातून एकदाच काढायची,
आणि बाकीच्या सहांना कधी नावं ठेवायची नाही.

बर्फाच्या उलट्या क्रेटवर बसले,
बिजागरी तुटलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन.
हा कशालाच जोडून घेत नाही, हूं की चूं करत नाही.
फक्त ऐकतो, टिपून ठेवतो:
कोण, कुणाशी, किती वेळ.

हवेत एक रीत आहे, माणसांत क्वचित दिसणारी.
आधी ऐकायचं.
कुणी बोलत असेल तर गप्प राहायचं.
साठ खरेदीदारांची साठ बटणं
शहाण्या मुलांसारखी गप्प होती,
कारण एकजण बोलत होता.

सावकाश.
एक अक्षर. मग दुसरं.
पोच आली नाही की पुन्हा पहिल्यापासून.
मधे बर्फ, मासे, ओले एप्रन;
पाणी लहरी पिऊन टाकतं.
तो पुन्हा सुरू करायचा.

दाराजवळचा वजनकाटा.
दोन हजार चार सालचा, कडांना मीठ चढलेला.

"तो कधी खोटं बोलला नाही," आदेरितो म्हणाला, जरा रागावूनच.
खरं होतं. वजनं ग्रॅमपर्यंत बरोबर होती.
तो त्याच्या काळच्या वेगाने बोलत होता
आणि अख्खं लिलावगृह त्याचं वाक्य संपायची वाट बघत होतं.

पेटीच्या तळातून पक्कड काढली.
नऊ मीटर केबल, आठ तारा,
पांढरी-नारिंगी पहिली. एकदा चुकले, पुन्हा कापली.
काट्याला हवेतून उतरवलं.
एक डबा पहिल्या चॅनेलवर, एक अकराव्यावर.
एक्क्याण्णवचे चौतीस झाले.

सव्वासहाला पट्ट्यावर पहिला क्रेट आला.
किंमत उतरू लागली.
क्विटेरियाचा अंगठा.
थांबली.

बेल्मिरोने विचारलं, "यातलं नेमकं कुठलं यंत्र? आपणही एक घेऊन ठेवू."
मी पेटीकडे बघत राहिले.
त्याने उत्तराची वाट पाहिली नाही,
वर्तमानपत्रात सहा बांगडे गुंडाळून दिले.
पेटीत जागा फोनवरच होती.
ओल्या कागदाखाली त्याच्या रेघा अजून दिसत होत्या:
पाच, भरगच्च.